डिस्कमध्ये न मावलेले मामा

डीव्हीडीच्या डब्यावर ४.७ जीबी असं छापलेलं असतं. तीच डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली की कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. डिस्क बनवणारे हजारानं मोजतात आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसनं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी हे शिकलो होतो, पेपरात लिहूनही आलो होतो. तरी कळंबला दुकान टाकल्यावर पहिल्याच महिन्यात एक लग्न डिस्कमध्ये बसेना, तेव्हा मी डिस्कच्या होलसेलवाल्याशी भांडायला निघालो होतो की तुम्ही मला कमी मापाचा माल दिला. शिकलेलं आणि कळलेलं यांत एवढं अंतर असतं.

चौदा वर्षं मी हे काम केलं. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या निवृत्तीचा सत्कार, जे असेल त्याचं शूटिंग करायचं, ते कॉम्प्युटरवर उतरवायचं, नको ते कापायचं, उरलेलं जोडायचं आणि डिस्कवर राईट करून द्यायचं. गिऱ्हाईक शेवटपर्यंत तिला 'कॅसेट'च म्हणत राहिलं. आता सगळे पेनड्राइव्ह मागतात, नाहीतर मोबाइलवरच पाठवा म्हणतात. माझा डिस्क राईटर बंद पडून चार वर्षं झाली. हल्ली मी दुकानात ऑनलाइन फॉर्म भरतो. पण या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामातलं काही लिहा' म्हटलं, तेव्हा मला डिस्कच आठवली. त्यातही एकच.

त्याआधी घराविषयी दोन ओळी लिहायला हव्यात. आमच्या घरात मेंढरं होती. वडील वर्षातले आठ महिने मेंढरांमागं बाहेर असत. दहावीच्या पुढं गेलेला घरातला मी पहिला. बारावीनंतर घरी बसलो होतो, तर शाळेतल्या गणिताच्या सरांनी स्वतः माझा कॉलेजचा फॉर्म भरला आणि 'कॉम्प्युटरला जा' म्हणाले. कॉम्प्युटर म्हणजे काय हे तेव्हा त्यांनाही नीट माहीत नव्हतं, असं त्यांनीच नंतर हसत सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरलो नाही.

उपकार आणखी एका माणसाचे आहेत आणि तो मला कधी भेटणार नाही. डिस्क राईट करायचं जे सॉफ्टवेअर मी वापरत होतो, ते फुकटचं होतं. चोरून घेतलेलं नव्हे. बनवणाऱ्यानंच जगाला वाटून टाकलेलं. एका मित्रानं ते नेट कॅफेतून पेनड्राइव्हवर आणून दिलं. साधी खिडकी, त्यात फाइली ओढून टाकायच्या, खाली एक पट्टी. डिस्क भरत आली की पट्टी पिवळी होई, मापाबाहेर गेली की लाल. राईट करायच्या आधी ते सॉफ्टवेअर दर वेळी विचारायचं: लिहून झाल्यावर तपासून बघू का? तिथं बरोबरची खूण करायची. मग डिस्कवर लिहिलेलं ते पुन्हा एकदा वाचून बघे, आणि सगळं ठीक असेल तरच एक धून वाजवी. तपासणीला लिहिण्याइतकाच वेळ लागतो. लगीनसराई सुरू झाली आणि दुपारी लाइट जायची वेळ ठरलेली असली की मी ती खूण काढून टाकत असे.

या धंद्यात धक्के कमी बसत नाहीत. ढोकीकडचे एक आजोबा डिस्क घेऊन आले, 'नातवाचं लगीन दिसंना झालंय' म्हणाले. बघतो तर डिस्कच्या चमकत्या बाजूवर हळद-कुंकवाची बोटं. लग्नाची वस्तू म्हणून घरच्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली होती आणि सणावाराला पूजत होते. मी ओल्या कपड्यानं पुसून लावली, ती चालली. आजोबा देवालाच नमस्कार करून गेले. माझं श्रेय गेलं, पण डिस्क वाचली. आणखी एकदा मोटारसायकलवरून जाताना एका ज्वारीच्या रानात पाखरं हाकलायला टांगलेल्या डिस्क उन्हात चमकताना दिसल्या. सहज उतरून बघितलं, तर त्यावर माझंच अक्षर. सहा-सात डिस्क, सगळ्या एकाच लग्नाच्या. मी रानातल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "पावण्यांना वाटायला लई काढल्या व्हत्या, उरल्या. पाखरं मातर भेत्यात बरं का." अशा गोष्टींवर मी दोन दिवस अस्वस्थ राही, मग हसू येई. पुढच्या गोष्टीचं मात्र मला अजून हसू आलेलं नाही.

दुकानात एक दिवस दुपारी सुमनताई आल्या. कळंबजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग मी सहा वर्षांपूर्वी केलं होतं. आता धाकटीचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं, म्हणून मला वाटलं तारीख द्यायला आल्या असतील. त्यांनी पिशवीतून जुनी डिस्क काढून काउंटरवर ठेवली.

"बालाजीभाऊ, एक विचारते. खरं सांगताल का?"

"विचारा की ताई."

"आमच्या भावाला कॅसेटीतून काढायला तुम्हाला ह्यांनीच सांगितलं न्हवं?"

मला प्रश्नच कळला नाही. कुणाला काढलं, कुणी सांगितलं?

"पोरीच्या मामाला," त्या म्हणाल्या. "भर मांडवात ह्यांनी स्वतःच्या हातानं मामाला फेटा बांधला. समद्यांनी बघितलं. कॅसेटीत चेअरमन हाय, सरपंच हाय, मुख्याध्यापक हाय, बँडवाला सुदिक हाय. मामा न्हाय. आता पोरीचं लगीन तोंडावर आलंय. मला एकदाच खरं ऐकू द्या."

तेव्हा मला आठवलं. ते लग्न जोडून झालं तेव्हा खालची पट्टी लाल झाली होती. सात मिनिटं जास्त होती. बाहेरच्यांना वाटेल, त्यात काय, दाबून बसवायचं. दाबता येतं, पण फार दाबलं की चित्र फुटतं. शालूच्या जरीचे चौकोन पडतात, नवरीच्या तोंडावर पाणी फिरल्यासारखं दिसतं. दोन डिस्क कराव्यात, तर घराघरात दुसरी डिस्क हरवते, आणि दुसऱ्या डिस्कमध्येच पाठवणी असते. म्हणून आम्ही सगळे दुकानवाले कापत होतो. कुठलंही लग्न असो, काही ना काही कापलेलं असायचंच. जेवणाची पंगत, वरातीतला नाच, सत्कार.

"ताई," मी म्हणालो, "मला कुणीच सांगितलं नव्हतं. डिस्कमध्ये मावत नव्हतं. मीच कापलं."

काउंटरवरच्या डिस्कवर त्यांनी हात ठेवला.

"ह्यांनी न्हाय?"

"नाही."

"इथं येऊन, बाजूला घेऊन, असं काय तरी—"

"नाही ताई. लग्नानंतर ते डिस्क न्यायला आले, तेवढेच. त्यांनी तर दुकानात लावूनही बघितली नाही."

सुमनताई स्टुलावर बसल्या. पाण्याचा ग्लास पुढं केला तो त्यांनी हातात धरला, प्याल्या नाहीत. "सहा वर्सं," त्या म्हणाल्या, "सहा वर्सं म्या त्या माणसाशी सरळ तोंडानं बोलले न्हाय ओ."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे थोरले भाऊ मारुती, तेरला राहतात, उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. त्यांच्या वाट्याची डिस्क घेऊन ते गावी गेले आणि सगळ्या भावकीला टीव्हीपुढं बोलावलं. भाचीच्या लग्नात आपल्याला कसा मान मिळाला ते त्यांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सत्कार सुरू झाले. एकेक जण येऊन गेला. मारुतीमामांचा सत्कार काही आला नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, "मारुती, तू तर म्हणत व्हतास फेटा बांधला. सपनात बांधला का?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी ती डिस्क माणसाकरवी बहिणीच्या दारात आली आणि सोबत निरोप: दिलेला मान माघारी घ्यायचा होता, तर दिला कशाला?

सुमनताईंनी नवऱ्याला विचारलं. विठ्ठलराव म्हणाले, मला काही माहीत नाही. पण त्यांचं आणि मेहुण्याचं पूर्वी एकदा वाजलं होतं, म्हणून सुमनताईंनाही ते खरं वाटलं नाही. येणं-जाणं थांबलं. तिसऱ्या वर्षी सुमनताईंची आई तेरला वारली. त्या गेल्या, मातीला उभ्या राहिल्या आणि भावाच्या घरचं पाणीही न पिता परत आल्या. "भावजय तांब्या घेऊन मागं आली वेशीपतुर," त्या म्हणाल्या. "म्या वळून बघितलं न्हाय."

हे सगळं त्या मला सांगत होत्या आणि मी काउंटर धरून उभा होतो. सात मिनिटांसाठी. पट्टी लाल दिसत होती म्हणून. मला कुणीतरी कानशिलात मारावी असं वाटत होतं, पण त्या रागावल्याही नव्हत्या. त्या फक्त म्हणाल्या, "पत्रिका दोनदा धाडली. दोनदा परत आली. हे म्हणत्यात, चुलत मामा उभा करू. भाऊ जिता हाय ओ माझा. जित्या भावाच्या जागी चुलत कसा उभा करू?"

आपल्याकडं मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून पुकारा होतो की मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मग मामा भाचीला आणतो आणि तिच्या पाठीशी उभा राहतो. ती जागा रिकामी राहिली तर साऱ्या मांडवाला दिसते.

मी म्हणालो, "ताई, काळजी करू नका. माझ्याकडं सगळ्या लग्नांचं मूळ शूटिंग जपलेलं आहे. एकही मिनिट न कापलेलं. त्यात मामांचा फेटा असणारच. मी आजच काढतो आणि तेरला जाऊन दाखवतो."

हे मी अभिमानानं म्हणालो, ते खोटं नव्हतं. कळंबमधल्या दुकानवाल्यांत मूळ शूटिंगच्या डिस्क करून ठेवणारा मी एकटाच होतो. बाकीचे काम झालं की पुसून टाकत. माझ्या कपाटात पत्र्याच्या पेट्या होत्या, प्रत्येक डिस्कवर मार्करनं नाव, गाव आणि एक बटे तीन, दोन बटे तीन असे आकडे. मित्र मला हसायचे की हा लोकांची लग्नं लोणच्यासारखी घालून ठेवतो.

सुमनताईंच्या मोठ्या मुलीची पेटी सापडली. पहिल्या डिस्कमध्ये हळद होती. तिसरीत पाठवणी. सत्कार दुसऱ्या डिस्कमध्ये असणार. ती आत घातली, लगेच उघडली, आणि आत एकच फाइल. तीही इतकी लहान की तिच्यात लग्न सोडा, एक फोटोही मावला नसता.

हे काय झालं ते मला कळायला पाच मिनिटं लागली. डिस्कवर टाकायच्या फाइली खिडकीत जमवल्या की त्यांची एक यादी सेव्ह करता येत असे, म्हणजे लाइट गेली तर पुन्हा जमवाजमव नको. यादीत फक्त नावं असतात आणि त्या फाइली कॉम्प्युटरमध्ये कुठं आहेत ते. त्या दिवशी मी घाईत शूटिंगच्या फाइलींऐवजी ही यादीच ओढून डिस्कवर टाकली होती. पंगतीला पाहुणे बसवावेत आणि ताटात स्वयंपाकाची यादी वाढावी, तसं. एरवी भरलेली डिस्क लिहायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. ही मिनिटाभरात झाली असणार. मला धुरकट आठवतं, मी मनात म्हणालो होतो, नवा राईटर भलताच जोरात आहे. तपासणीची खूण केली असती, तरी धून वाजलीच असती; यादी बिनचूक लिहिली गेली होती. मग डिस्कवर मार्करनं छान अक्षरात 'दोन बटे तीन' लिहिलं, आणि कॉम्प्युटरवरचं मूळ शूटिंग पुसून टाकलं.

मी त्या वेळच्या सगळ्या डिस्क काढून एकेक लावत गेलो. त्याच महिन्यातल्या आणखी तीन लग्नांत एकेका डिस्कवर अशीच यादी निघाली. पत्र्याच्या पेट्यांकडं बघवेना. पुढं त्या तिन्ही घरांना मी फोन केले. दोघं म्हणाले, आमच्याकडं आता प्लेअरच नाही. तिसरे म्हणाले, "बरं."

पण त्या दुपारी याहून वाईट अजून व्हायचं होतं. ती यादी मी साध्या मजकुराच्या खिडकीत उघडून बघितली. अर्धं अगम्य, चौकोन आणि चिन्हं, पण मधेमधे फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत स्वच्छ वाचता येत होती. ती नावं मीच दिलेली. 'सत्कार चेअरमन'. 'सत्कार सरपंच'. 'बँड'. आणि त्यांच्या खाली: 'मामा फालतू'.

जे कापायचं त्याच्यापुढं फालतू लिहायचं, ही माझी कामाची पद्धत होती. तशी सवयच होती. पण त्या दिवशी ते मी पहिल्यांदा वाचलं. मारुतीमामांच्या मानाचं जगात जेवढं उरलं होतं, ते एवढंच होतं, आणि ते माझ्या हातचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढली. दाखवायला काहीच नव्हतं, तरी काढली. साखर कारखान्याचं गळीत सुरू होतं, ढोकीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून धूळ खात गेलो. वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. सुमनताईंना सांगावं की डिस्क खराब निघाली. तेही अर्धं खरंच होतं.

मारुतीमामा दारातच ट्रॉलीचा हूक ठोकत बसले होते. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हातोडा खाली ठेवला नाही.

"मग? आता काय ऱ्हायलंय आमचं काढायचं?"

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कुणी सांगितलं नव्हतं, दाजींना माहीतही नव्हतं, मीच कापलं.

"दाजीनं पढवून धाडलं व्हय तुला?"

"नाही मामा. दाजींना मी अजून भेटलोही नाही."

"शूटिंग दावायला आणलंय का?"

"ते राहिलं नाही. माझ्या चुकीनं गेलं. पण तुम्हाला फेटा बांधला होता, हे मी—"

"आरं, ते तू काय सांगतूस मला?" मामांचा आवाज चढला. "डोस्कं माजं, फेटा माजा. म्या काय इसरलो व्हय? बांधला का न्हाय बांधला, त्ये मला ठावं हाय. काढला कुनी, त्ये ठावं न्हवतं."

कालपासून मी पुरावा गेला म्हणून रडत होतो, आणि या माणसाला पुरावा नकोच होता.

मामी दारात आल्या होत्या. मामांनी हूक बाजूला सारला. "मावत न्हाय म्हंजी काय? चकती हाय का पोतं?"

मी समजावू लागलो. म्हणालो, मामा, ट्रॉलीत जसा ठरावीक ऊस मावतो तसं असतं. ते लगेच म्हणाले, "ट्रॉलीत मावंना झालं तर आमी वर रचतो, दोर आवळतो. वाटंला टाकून न्हाय देत." मग म्हणाले, "बरं, टाकला. पर येवढी मानसं व्हती. माजाच का टाकला?"

या प्रश्नाला मी वाटेत उत्तर तयार केलं होतं. कॅमेरा हलला होता, असं सांगणार होतो. हललाही होता, फेटा सैल बसून दोनदा घसरला, लोक हसत होते, मामाही हसत होते, चार-साडेचार मिनिटं त्यातच गेली होती. पण तोंडातून खरं तेच आलं.

"चेअरमनचा कापला असता, तर चार लोकांनी मला विचारलं असतं. सरपंचांचा कापला असता, तर त्यांच्या गावातली कामं गेली असती. तुम्हाला मी ओळखत नव्हतो. वाटलं, कुणी विचारणार नाही." आणि इथंच थांबायला हवं होतं, पण थांबवेना. "मी त्या तुकड्याला नाव दिलं होतं, मामा. मामा फालतू."

मामी "अगं आई" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. मामांनी हातोडा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "बाप काय करतो तुजा?"

"मेंढरं राखायचे. आता थकलेत."

"त्यास्नी कुनी फेटा बांधला का कंदी?"

"नाही."

"माज्या बी डोक्याला त्यो पयलाच व्हता," मामा म्हणाले.

मला वर बघता आलं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ऑफिसच्या रांगेत माझ्या वडिलांना एका कारकुनानं हातानं बाजूला सारलं होतं, नंतर बघू म्हणून. तो हात मी कधी विसरलो नाही. त्या कारकुनाला माझ्या वडिलांशी काहीच वैर नव्हतं. त्याला फक्त रांग पुढं न्यायची होती.

"मामा, लग्नाला याल ना?" मी विचारलं.

"चा पी."

"ताई वाट—"

"चा पी म्हन्लं न्हवं?"

मी चहा पिऊन निघालो. मामा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

परत आलो तर दुकानापुढं विठ्ठलराव उभे. सुमनताईंनी घरी सांगितलं होतं. मला वाटलं, आता मारणार. ते म्हणाले, "सा वर्सं सोताच्या घरात चोर म्हनून जेवलो, मर्दा." मूळ शूटिंग कसं गेलं, तुकड्याला नाव काय दिलं होतं, सगळं सांगून मी हात जोडले. त्यांनी ते खाली केले. "शूटिंग तूच करायचं. दुसरा कुनी लावला, तर पुना कोन तरी म्हनंल काढलं म्हनून. तू आता कापत न्हाईस."

लग्न कळंबच्या एका मंगल कार्यालयात होतं. मी सकाळी सातपासून कॅमेरा घेऊन उभा. नाश्ता झाला, हळद झाली, नवरदेव आला. तेरचं कुणी नव्हतं. सुमनताई कामात होत्या, पण दर दोन मिनिटांनी त्यांचं तोंड दाराकडं वळे; माझ्या कॅमेऱ्यात ते इतक्या वेळा आलं की शेवटी मी कॅमेराच दुसरीकडं वळवला. चुलत मामा नवे कपडे घालून स्टेजच्या पायरीवर तयार बसले होते.

सत्कार सुरू होणार तेवढ्यात मारुतीमामा आले. मामी मागं. पांढरं धोतर, डोकं उघडं. सरळ बहिणीकडं गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, बँड वाजत होता. सुमनताईंनी जवळच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि आधी भावजयीच्या हातात दिला.

माइकवरून मामांचं नाव पुकारलं गेलं. विठ्ठलराव फेटा घेऊन पुढं आले. दोघं एकमेकांकडं न बघता समोरासमोर उभे राहिले. विठ्ठलरावांनी हात वर केला, तसा मामांनी तो वाटेतच धरला.

"थांबा दाजी." मग माझ्याकडं वळून मोठ्यानं, "ए बालाजी, चालू हाय का तुजं?"

"चालू आहे मामा."

"नीट बग."

मांडवात हसू पसरलं. मी कॅमेऱ्याचा लाल दिवा दाखवला. मामा दिव्याकडं बघत म्हणाले, "आन् ह्याला नाव काय देनार?"

हसणारे गोंधळले. मामी, सुमनताई आणि विठ्ठलराव सोडून हे कुणालाच कळलं नव्हतं. "तुम्ही सांगाल ते," मी म्हणालो.

"मामा. नुसतं मामा लिव्ह."

विठ्ठलरावांनी फेटा बांधायला घेतला. त्यांना अजूनही बांधता येत नव्हता. एकदा सुटला, पुन्हा गुंडाळला, दुसऱ्यांदा कानावर आला. तयार फेटेवाला बाजूला उभा होता, तो म्हणाला, द्या इकडं, पण मामांनी त्याला हातानंच थांबवलं. भटजी माइकवरून मुहूर्ताचं बजावत होते. कॅमेरा खांद्यावर जड झाला होता, तो मी खाली घेतला नाही. शेवटी फेटा कसाबसा बसला. मामांनी दाजींच्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि भाचीला आणायला आत गेले.

मी मागोमाग गेलो.